यंत्र विकण्याआधी माणसाची मजुरी मोजा

नेकनूरच्या बाजारात बसून कापड विकणाऱ्या माणसाने गोल्फच्या यंत्रावर लिहावे, याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. आमच्या भागात ऊसतोड कामगार आहेत, शेळ्या-मेंढ्या आहेत, गोल्फ नाही. पण या विषयाने माझ्या दुकानाच्या तिजोरीला हात घातला, म्हणून तो समजून घेणे मला भाग पडले. आणि समजून घेतल्यावर असे दिसले की प्रश्न गोल्फचा नाहीच. नवीन वस्तू बाजारात चालेल की नाही, हे कसे ओळखावे, हा प्रश्न आहे. तो शिवणयंत्रवाल्यालाही पडतो, चपला करणाऱ्यालाही पडतो आणि यंत्रमागवाल्यालाही पडतो.

झाले असे. माझा भाचा पुण्याला इंजिनियर आहे. ईदला आला, शीर-खुर्मा झाला आणि त्याने बॅगेतून एक कागदाची चळत व एक छोटी डबी काढली. डबीत सुपारीएवढा एक खटका होता. तो म्हणाला, "मामू, हा गोल्फच्या काठीच्या मुठीत वरून बसवायचा. चेंडू मारला की तो कुठून कुठे गेला, किती गज गेला, हे सगळे मोबाईलवर येते. बाहेरून येणारे यंत्र फार महाग पडते. आम्ही तिघे मित्र मिळून ते अठरा हजारांत देऊ. आठ लाख कमी पडतात. बँकेचे व्याज नको. तुम्ही भागीदारीत द्या."

मुलगा हुशार आहे, नमाजी आहे, त्याच्या नियतीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण तिजारत नुसत्या नियतीवर चालत नाही. आठ लाख म्हणजे आमच्या दुकानातला लग्नसराईचा माल. तो पैसा अडकला तर पुढच्या हंगामात गाठी कशाने उचलायच्या? आणि नाही म्हणावे तर बहिणीचे मन दुखावते. म्हणून मी त्याला म्हटले, "बेटा, आठ दिवस दे."

चौदा लाखांचा हिशेब

त्याच्या कागदावर पहिलाच हिशेब असा होता: भारताची लोकसंख्या १४० कोटी. हजारात एकाने घेतले तरी चौदा लाख ग्राहक. हा हिशेब मी यापूर्वीही पाहिला आहे. गावात प्रत्येक नवा दुकानदार असाच हिशेब मांडतो. पंचवीस हजार वस्ती, प्रत्येकाला दोन जोड कपडे. मग दिवाळीनंतर माल तसाच पडून राहतो. लोकसंख्या म्हणजे ग्राहक नव्हे. ग्राहक वरून खाली भागून मिळत नाही, खालून वर एकेक मोजून मिळतो.

म्हणून आम्ही खालून मोजायला बसलो. गोल्फ आपल्या देशात नवा नाही. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा आहे. मुंबईत चेंबूरला प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, पुण्यात येरवड्याला मैदान आहे, नाशिकला आहे, खारघरला सिडकोने केलेले आहे. लष्कराच्या छावण्यांतूनही मैदाने आहेत. पण अठरा खळग्यांच्या एका मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते आणि तिला बारमाही पाणी लागते. त्यामुळे दोन शतके होत आली तरी देशभरातली मैदाने काही शेकड्यांतच आहेत. अमेरिकेत ती सुमारे सोळा हजार आहेत आणि तिथे मैदानावर जाऊन खेळणारे अडीच कोटींहून जास्त. भाच्याच्या कागदावरचे उत्साहाचे आकडे सारे अमेरिकेचे होते. माल मात्र पुण्यात विकायचा होता.

मी म्हटले, "समजा एका मैदानाचे हजार सभासद आहेत. त्यांतले नेमाने खेळणारे किती? समजा तीनशे. त्यांतले किती जण अठरा हजार देऊन आपला खेळ मोजतील? समजा तीस. आणि एकदा घेतले की चार-पाच वर्षे पुन्हा घेणार नाहीत. मग एका मैदानामागे वर्षाला सहा-सात नग. आता तू फिरू शकशील अशी मैदाने मोज." हे आकडे मी धरून चाललेले आहेत, खरे नाहीत. पण मुलाने स्वतः गुणाकार केला आणि चौदा लाखांचे काही शेकडे झाले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटले. पण दुकान उघडल्यावर उतरण्यापेक्षा चेहरा मामूच्या ओसरीवर उतरलेला बरा.

यंत्राचा खरा प्रतिस्पर्धी

इथपर्यंत कोणीही जाणता व्यापारी जाईल. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे.

या खेळात लिंबाएवढा चेंडू लांबच्या खळग्यात कमीत कमी फटक्यांत घालायचा असतो. खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या बरोबर ठेवता येतात. प्रत्येक काठीचा पल्ला वेगळा. म्हणून दर फटक्याला त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात: खळगा किती लांब आहे आणि कोणती काठी घ्यावी. भाच्याचे यंत्र खेळाडूचे जुने फटके लक्षात ठेवून याचे उत्तर देते.

आता विचार करा, यंत्र नव्हते तेव्हा हे उत्तर कोण देत होते? आपल्याकडे आजही कोण देते? काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन खेळाडूबरोबर चालणारा माणूस, ज्याला कॅडी म्हणतात. त्याला मैदानाचा चढ-उतार पाठ असतो, वारा कळतो, साहेबांचा हात आज कसा चालतो आहे तेही कळते. अमेरिकेत बहुतेक मैदानांवर लोक छोट्या गाडीत पिशवी टाकून स्वतःच फिरतात. कॅडी महाग, म्हणून तिथे त्याची जागा रिकामी पडली आणि त्या रिकाम्या जागेत यंत्र शिरले. आपल्याकडे ती जागा रिकामी नाही. तिथे एक माणूस उभा आहे. तो पिशवी उचलतो, चेंडू शोधून देतो, काठी पुसतो आणि सल्लाही देतो, तेही दिवसाच्या मजुरीत. यंत्र यांतले एकच काम करते आणि पिशवी उचलायला माणूस लागतोच.

म्हणून माझे मत असे झाले की नव्या यंत्राचा बाजार मोजायचा असेल तर आधी ते ज्या माणसाचे काम घेणार आहे त्याची मजुरी मोजा. ती मजुरी कमी असेल आणि माणूस काम नीट करत असेल, तर यंत्र कितीही सुंदर असो, त्याला थांबावे लागते.

या कॅडींना कोणी कमी समजू नये. अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी. पिशव्या उचलता उचलता खेळ शिकला आणि १९९१ साली इंडियन ओपन ही राष्ट्रीय स्पर्धा त्याने जिंकली. व्यावसायिक भारतीय खेळाडूंत ती जिंकणारा तो पहिला. १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. एस.एस.पी. चौरसिया यांचे वडील कोलकात्याच्या मैदानावर गवताची निगा राखत. त्यांच्या मुलाने हीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. ज्या माणसाला आपण मजूर म्हणतो त्याच्या डोक्यात किती हुनर साठलेले असते, त्याचा हा पुरावा आहे. यंत्र बनवणाऱ्याने त्याला शत्रू न मानता पहिला परीक्षक मानावे. कॅडी "ठीक आहे" म्हणाला तर साहेब घेतील. कॅडी हसला तर कोणी घेणार नाही.

कापडाच्या धंद्यातला दाखला

आमच्या धंद्यात हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला धोट्याचा साधा यंत्रमाग इतकी वर्षे का टिकला? रॅपियर माग जास्त कापड देतो, चांगले कापड देतो, हे कोणाला माहीत नव्हते? माहीत होते. पण जुना माग स्वस्तात मिळत होता आणि त्यावर काम करणारा कारागीर थोड्या मजुरीत मिळत होता. तोपर्यंत नव्या मागाचा हप्ता परवडत नव्हता. उलट कॉम्प्युटरवर चालणारे भरतकामाचे यंत्र आले, त्याने हातावर जरी-टिकलीचे काम करणाऱ्यांची कामे बघता बघता ओढून नेली. कारण एका साडीला हाताने जिथे अनेक दिवस लागत, तिथे त्याने तासांत काम दिले. तेवढा फरक असेल तर यंत्र थांबत नाही.

आणि गावातलाच दाखला द्यायचा तर पिको मशीनचा. एका शिंप्याने ते घेण्याआधी माझ्याकडे येऊन एवढेच विचारले, "सेठ, लग्नसराईत रोज किती साड्या जातात?" त्याला देशाची लोकसंख्या नको होती. साडी गेली की फॉल-पिको आलेच, हे त्याला ठाऊक होते. माझ्याकडून आणि आणखी दोन दुकानांतून आकडा घेतला, मनात गुणाकार केला आणि मशीन आणले. त्याचे पैसे वसूल झाले. बाजाराची पाहणी म्हणतात ती हीच. त्यासाठी कोट घालावा लागत नाही.

दोन चुका, एक कापडवाला

मात्र नव्या वस्तूला सरसकट नाही म्हणणे हीही चूकच आहे. गोल्फच्या इतिहासातच तिचा दाखला आहे. पूर्वी हा चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून हाताने शिवत. काम कष्टाचे, दिवसाला थोडेच चेंडू व्हायचे, म्हणून ते महाग होते. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा ॲलन रॉबर्टसन हा त्या कामातला नामी कारागीर. १८४८ च्या सुमारास मलायाकडच्या झाडाच्या चिकाचा, म्हणजे गटापर्चाचा, साच्यात घडवलेला स्वस्त चेंडू आला. रॉबर्टसनने त्याला विरोध केला. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस तो चेंडू खेळला, म्हणून दोघांचे बिनसले आणि मॉरिस वेगळा झाला. शेवटी रॉबर्टसनलाही तेच चेंडू करावे लागले. स्वस्त चेंडूने खेळणारे वाढले आणि बाजार मोठा झाला. कारागिराने जुन्या हुनराच्या प्रेमात नव्या मालाकडे पाठ फिरवली, ही एक चूक. भाच्याने यंत्राच्या प्रेमात ग्राहकाकडे पाठ फिरवली, ही दुसरी.

या दोन्ही चुका टाळणारा एक माणूस आपल्याच धंद्यातला होता, हे वाचून कापडवाल्यांना बरे वाटेल. अमेरिकेतला ईली कॅलवे हा बर्लिंग्टन इंडस्ट्रीज या मोठ्या कापड कंपनीचा अध्यक्ष होता. १९७३ साली त्याने ती सोडली आणि १९८०च्या दशकात एका छोट्या गोल्फ-काठ्यांच्या कंपनीत तो शिरला. १९९१ साली त्याने मोठ्या डोक्याची 'बिग बर्था' ही काठी काढली. तिचे गमक साधे होते. उस्ताद खेळाडूकडे न पाहता त्याने चुकणाऱ्या साध्या खेळाडूकडे पाहिले. डोके मोठे असले की फटका थोडा इकडेतिकडे लागला तरी चेंडू बरा जातो. साध्या खेळाडूची भीती कमी झाली आणि काठी धडाधड खपली. आपण कापडवाले गिऱ्हाइकाचे बोट कोणत्या ताग्यावर थांबते ते बघतो. त्याने तेच केले.

आणखी दोन धोके

भाच्याच्या कागदावर आणखी दोन गोष्टी नव्हत्या. पहिली, नियम. गोल्फचे नियम अमेरिकेची आणि स्कॉटलंडची अशा दोन संस्था मिळून ठरवतात. २०१९ पासून अंतर मोजणारे उपकरण वापरायला त्यांनी सर्वसाधारण परवानगी दिली, पण चढ-उताराचा हिशेब सांगणारे उपकरण सामन्यात चालत नाही. ज्या मालाचे नशीब दुसऱ्याच्या नियमपुस्तकात आहे, त्याचा साठा कधी मोठा करू नये.

दुसरी, मोबाईल. तुमचे यंत्र जे सांगते त्यातले बरेचसे उद्या फुकटचे ॲप सांगेल. गाडीत नकाशा दाखवणारे वेगळे डबे काही वर्षे जोरात विकले गेले. मोबाईलमध्ये नकाशा आला आणि ते डबे मागे पडले. फुकट वस्तूशी भावात लढता येत नाही.

मग ग्राहक कोण?

इतके सांगून मी भाच्याला रिकाम्या हाताने पाठवले नाही. त्याला म्हटले, पुण्यात सरावाच्या मैदानावर पंधरा दिवस उभा राहा. विकू नको, फक्त विचार. कॅडींना विचार, शिकवणाऱ्या कोचना विचार, सामान विकणाऱ्या दुकानदाराला विचार की कोणता माल धूळ खातो. तो गेला आणि वही भरून आणली. खेळाडूंनी कौतुक केले, पण पाकीट काढले नाही. कॅडी हसले. एका कोचने मात्र थांबवून विचारले, "हे एकाच फोनवर दहा पोरांचे दाखवते का?"

तिथे मला ग्राहक दिसला. खेळाडूला यंत्र म्हणजे हौस, कोचला ते हत्यार. शिकणाऱ्या मुलाच्या बापाला महिन्याची प्रगती कागदावर दाखवता आली तर कोचची फी टिकते. आदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, चौथी आली. थोडक्यात पदक हुकले. २०२३ साली तिने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेतले. अशा बातम्यांनी काही घरांत मुलांना हा खेळ शिकवण्याची इच्छा होते. जगातही असेच आहे. डेन्मार्कच्या ट्रॅकमन कंपनीचे रडारवर चालणारे यंत्र हजारो डॉलरचे आहे. ते मोठे खेळाडू घेतात, तसे कोच आणि अकादम्याही घेतात. २०२१ साली गार्मिनने सहाशे डॉलरचे छोटे यंत्र काढले. या दोन्हींच्या खाली, आपल्या कोचला परवडेल अशी जागा असू शकते. ती लहान आहे, पण खरी आहे.

आमच्या कारागिरांसाठीही एक गोष्ट नमूद करतो. यंत्र एकदा विकले जाते, पण हातमोजा फाटतो आणि रुमाल झिजतो. गोल्फवाला एका हातात मेंढीच्या मऊ कातड्याचा मोजा घालतो आणि पिशवीला टॉवेल अडकवतो. टॉवेल विणणारे सोलापूर आपल्या शेजारी आहे, चामडे कमावणारे आंबूर-वाणियंबाडी आपल्याच लोकांनी नावारूपाला आणले आहे. ज्यांना या खेळातून रोजी काढायची आहे त्यांनी टिकणाऱ्या वस्तूपेक्षा संपणाऱ्या वस्तूकडे आधी पाहावे. खेळावर पैजा लावतात, त्या भानगडीपासून मात्र दूर राहावे.

भागीदारी म्हणजे भीड नव्हे

शेवटी व्यवहाराचे. व्याज हराम आहे म्हणून आपण भागीदारीत पैसा देतो, हे चांगलेच. पण काही लोक समजतात की बिनव्याजी पैसा म्हणजे बिनहिशेबी पैसा. उलट आहे. व्याज घेणाऱ्याला धंदा बुडो की तरो, त्याचा हप्ता हवा असतो, म्हणून तो तारण बघतो, धंदा बघत नाही. मुदारबतमध्ये नुकसान भांडवलवाल्याचे जाते आणि काम करणाऱ्याची मेहनत जाते. म्हणून भांडवल देणाऱ्याने धंदा सावकारापेक्षा दुप्पट बारकाईने बघितला पाहिजे. हजरत खदीजा (र.) यांनीही आपला माल शामला पाठवताना आधी अमानतदारी पाहिली होती. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे कुरआनने सांगितले आहे. नात्यात लिहून घ्यायला लाज वाटते, म्हणूनच नाती तुटतात.

मी भाच्याला आठ लाख दिले नाहीत. वीस नगांपुरते भांडवल दिले, तेही फक्त कोचसाठी, सहा महिन्यांच्या मुदतीने, नफ्याची वाटणी ठरवून, दोन साक्षीदारांच्या सहीने. वीस गेले तर पुढचे बोलू. नाही गेले तर नुकसान माझे, मेहनत त्याची, आणि बहिणीच्या घरचे जाणे-येणे तसेच राहील. वीसमधले किती गेले ते इन्शाअल्लाह पुढे कळवीन. तोपर्यंत वाचक बंधूंना एवढाच मशविरा: कोणी नवे यंत्र घेऊन दारात आले तर त्याला चहा पाजा, आणि किती लोक घेतील हे विचारण्याआधी विचारा की आज हे काम कोण करतो आणि त्याला काय मिळते.